नियमातली पकड

डोंबिवली,
बुधवार

प्रिय तान्या,

अक्षर बघून दचकू नकोस, माझंच आहे. ओळ सरळ निघते आणि मध्यावर आली की ठाकुर्लीच्या पुलासारखी चढायला लागते. उजव्या हाताला अजून अंदाज येत नाही. पेन टेकवायचं एका जागी ठरवतो आणि टेकतं भलतीकडेच. फिजिओने सांगितलंय, रोज पानभर लिहायचं. आधी मी भाज्यांची नावं लिहायचो, मग ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंतची स्टेशनं. परवा नीरजाने ते कागद बघितले आणि म्हणाली, "अरे, कोणाला तरी पत्र लिही ना. निदान काहीतरी सांगावं तरी लागेल." कोणाला ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या रेघा येतात, पुढे काही नाही. आणि फोनवर माझा आवाज ऐकून तू राँग नंबर म्हणून ठेवून दिला असतास, तेही आहेच. तेव्हा पत्र. एका बैठकीत होणार नाही, हात दमतो. जिथे अक्षर फारच वाकडं दिसेल तिथे समज की मी उठून चहा प्यायला गेलेलो.

आधी घरच्या बातम्या. अप्पा ठणठणीत आहेत. त्यांना या वयात नवा उद्योग मिळालाय, माझ्यावर पहारा ठेवायचा. मी बाथरूममध्ये गेलो की ते बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि अग्रलेख संपायच्या आत चारदा विचारतात, "सलिल, आहेस ना रे?" एकदा मी मुद्दाम उत्तर दिलं नाही तर त्यांनी दार ठोठावून अख्खा मजला गोळा केला. नीरजाची शाळा दिवाळीनंतर सुरू झालीय. मी ऑफिसला जातो, हो, ठाण्याला, आठवड्यातले तीन दिवस. पाटकर साहेब मला त्यांच्या गाडीतून नेतात. काउंटरवरून उठवून आतल्या टेबलावर बसवलंय, तिथे खिडकी आहे आणि कस्टमर नाहीत, म्हणजे बढतीच म्हणायची. सकाळी नव्वद फुटी रस्त्यावर चालायला जातो. चालताना उजवीकडे झुकतो, म्हणून नीरजा त्या बाजूला असते. लोकांना वाटतं नवराबायकोचं फार प्रेम आहे. ते आहेच, पण ती बाजूला झाली तर मी थेट भेळवाल्याच्या गाडीवर जाईन.

मे महिन्यातला तो दिवस तू तुझ्या परीने आठवत असशील. माझ्या परीने काय आठवतं ते सांगतो. महाराष्ट्र दिनाचे आपले चाळिशीपुढच्यांचे कबड्डीचे सामने. ऊन मरणाचं. अर्ध्या लोकांच्या गुडघ्यांना पट्टे, उरलेल्यांची पोटं सुटलेली, आणि तरी प्रत्येकाला आपण शाळेच्याच टीममध्ये असल्यासारखं वाटत होतं. शेवटची चढाई माझी होती. मी तुमच्या मधल्या खेळाडूला हात लावून वळलो आणि कोपऱ्यातून तुझा हात घोट्याला लागला. तो हात मी झोपेतही ओळखेन. आठवीत तू साताऱ्याकडून आमच्या वर्गात आलास, पोरं तुझ्या बोलण्याला हसली, आणि त्याच संध्याकाळी मैदानावर तू माझा घोटा असा धरलास की दुसऱ्या दिवसापासून कोणी हसलं नाही. तेव्हापासून माझा घोटा तुझ्याच मुठीत आहे. शहाणा माणूस अशा वेळी खाली बसतो. मी उडी मारली. मध्यरेषा अगदी समोर होती, हात लांब केला, पाय तुझ्याकडे राहिला आणि मी डोक्यावर आलो. मानेत काड् झालं, ते मला आतून ऐकू आलं. पंचांनी तुम्हाला गुण दिला. बरोबरच दिला. पकड नियमातली होती, तान्या. अख्ख्या मैदानाने बघितली.

मग तू मला उचललंस. पोतं उचलतात तसं नाही, लहान पोराला झोपेतून उचलतात तसं. रिक्षात तुझा घाम माझ्या तोंडावर टपटपत होता आणि तू "सल्या, बोल, काहीतरी बोल रे" एवढंच म्हणत होतास. मी म्हणालो, "गुण कोणाला दिला?" तू मला एक शिवी घातलीस आणि मग आपण दोघंही हसलो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, हे दोघं पिऊन आलेत की काय म्हणून. दवाखान्यात सीटी स्कॅन झाला. मानेच्या एका मणक्याला बारीक तडा. हातपाय हलत होते, मुंग्या नव्हत्या, म्हणून गळ्यात कडक कॉलर घालून, गोळ्या देऊन घरी पाठवलं. त्या आठवड्यात तू रोज आलास. मानपाड्याची तुझी शिफ्ट सुटली की आंबिवलीला घरी जायच्या आधी माझ्याकडे. हातात निळी पिशवी, तिच्यात मालन वहिनींची थालीपिठं, लसणीची चटणी. मी कॉलरमुळे पुतळ्यासारखा बसलेलो आणि तू मला घास तोडून देत होतास. डोक्याच्या मागे, उजवीकडे, एक दुखणं मानेतून वर चढायचं. ते मी कोणाला फारसं बोललो नाही. हाड मोडलंय म्हणजे दुखणारच, असं मला वाटलं. घरातल्या सगळ्यांनाच वाटलं असतं.

तेव्हा ठाऊक नव्हतं ते आता मला पाठ झालंय, त्यामुळे तुलाही ऐकावं लागेल. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना छोटी भोकं असतात आणि त्यांतून दोन धमन्या वर मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात, एक डावी, एक उजवी. माझा तडा नेमका उजव्या भोकातून गेलेला. हाड मोडलं त्याच झटक्यात धमनीचं आतलं अस्तर फाटलं. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरत होती. वरून काही कळायला मार्ग नाही. माणूस आपला चटणी-थालीपीठ खातोय.

आणि मग एका सकाळी, अप्पांशी पेपरावरून वाद घालत असताना, खोली उजवीकडे कलंडली. म्हणजे मला तसं वाटलं. भडाभडा उलटी झाली. समोर अप्पा एकाचे दोन दिसायला लागले, आणि एका अप्पांशी वाद घालणंच कठीण असतं हे तुला माहीत आहे. नीरजाने पाणी दिलं ते घशातून खाली जाईना, नाकातून परत आलं. बोलायला गेलो तर नुसती हवा. हातपाय हलत होते, तोंड वाकडं झालं नव्हतं, त्यामुळे शेजारचे म्हणाले पित्त झालंय, जरा पडू द्या. नीरजा म्हणाली, "मान मोडलेल्या माणसाला पित्त नाही होत असं." तिने अँब्युलन्स मागवली आणि थेट ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं. वाटेत आणि तिथे, भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगत होती, की चहाच्या वेळेपर्यंत हा नीट बोलत होता, आणि याची मान मोडलेली आहे. नंतर डॉक्टर म्हणाले की या दोन वाक्यांनी त्यांचं निम्मं काम झालं.

डॉक्टर शौनक म्हणजे मेंदूचे डॉक्टर. दिसायला कॉलेजातला पोरगा. त्यांनी लगेच एमआरआय केला आणि नसेत रंग सोडून मानेच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन काढला. उजवी धमनी वर निमुळती होत जाऊन एका जागी संपलेली, मेणबत्तीची वात संपते तशी. तिथून सुटलेला गुठळीचा तुकडा मेंदूच्या तळाशी अडकलेला, जिथून गिळणं, आवाज, तोल सांभाळला जातो. आता अडचण अशी की गुठळी वाढू नये म्हणून रक्त पातळ करायचं, आणि मान तर मोडलेली, तिथे रक्त पसरलं तर आणखी पंचाईत. मणक्यांचे सर्जन आणि शौनक माझ्या पायाशी उभे राहून बराच वेळ बोलत होते. मणका जागेवर होता, त्यामुळे ऑपरेशन नको, कॉलरच ठेवायची, आणि रक्त पातळ करणारं औषध मोजूनमापून सुरू करायचं, असं ठरलं. नीरजाला विचारलं. ती म्हणाली, "तुमचा सख्खा भाऊ असता तर काय केलं असतं?" ते म्हणाले, "हेच." "मग करा," म्हणाली. मला वाटतं मी त्या दिवशी तिच्या पुन्हा प्रेमात पडलो, पण चक्कर इतकी होती की नक्की सांगता येत नाही.

पुढचे दिवस नाकात नळी. पातळ खाणं नळीतून थेट पोटात जायचं, जिभेला काही पत्ताच नाही. आणि उचकी! तान्या, तुला सांगतो, चक्कर परवडली. उठता-बसता, झोपेत, उचकी थांबायलाच तयार नाही. या जागच्या झटक्यात ती लागते म्हणे, पण अप्पांना कोण सांगणार. ते कॉटशेजारी बसून विचार करायचे, "कोण एवढी आठवण काढतंय रे याची?" आत्याचं नाव घेऊन झालं, गावच्या काकांचं घेऊन झालं, ऑफिसातल्या सगळ्यांची झाली. उचकी काही थांबेना. मला नाव माहीत होतं, पण ते उच्चारायला आवाज नव्हता. शेवटी शौनकनी एक गोळी बदलली आणि ती गेली. अप्पा म्हणाले, "दमला बिचारा आठवण काढून."

गिळायला शिकवायला योगिनी यायला लागली. छोटीशी, कडक. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, आपण जन्मल्यापासून गिळतो म्हणून आपल्याला वाटतं ते सोपं आहे." सगळ्यात अवघड काय असतं सांग? पाणी. ते चुकार असतं, घशाने दार उघडायच्या आत पळतं आणि भलत्या नळीत शिरतं. घट्ट पदार्थ सरळमार्गी. मान उजवीकडे वळवून गिळलं की अधू बाजू बंद होते आणि घास चांगल्या बाजूने जातो, अशी एक युक्ती आहे, पण माझी मान कॉलरमध्ये! वळवायची सक्त मनाई. म्हणून तोवर नुसते घशाचे व्यायाम. मग एकदाची कॉलर निघाली, मी मान हळूच वळवली आणि योगिनीने चमच्याच्या टोकावर मऊ गुरगुट्या भात ठेवला, वर मेतकूट-तूप. तो खाली गेला. गेला तो कळला. मी रडलो, नीरजा रडली, अप्पा म्हणाले, "मीठ कमी आहे का?" दिवाळीत परवानगी काढून अर्धा अनारसा खाल्ला. सगळ्यांचा फराळ आटपून ताटं घासून झाली तरी माझा अनारसा चालूच. इतकी चव मला आयुष्यात लागली नव्हती.

आवाजाचंही तसंच. एक स्वरतंतू झोपलेला आहे, हळूहळू उठतोय. योगिनी म्हणाली, एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणा. आकड्यांत माझं मन लागेना. मी म्हटलं, दुसरं काही चालेल का? आणि सुरू केलं, कबड्डी कबड्डी कबड्डी. पहिल्या दिवशी दोनदा झालं आणि दम तुटला. आता एका दमात तिला कंटाळा येईपर्यंत जातो. अप्पा आतून ओरडतात, "बाद!"

काही गोष्टी राहिल्यात, त्या राहणार असं दिसतंय. चेहऱ्याची उजवी बाजू बधिर आहे, आणि गळ्याखाली डावीकडे गरम-गार कळत नाही. स्पर्श कळतो, ऊन-थंड नाही. एकदा डावा पाय कढत पाण्याच्या बादलीत घालून मजेत उभा होतो, नीरजा किंचाळली तेव्हा कळलं. आता आधी उजवा हात बुडवायचा, असा घरचा नियम आहे. उजवी धमनी पुन्हा उघडली नाही. पण डावी दांडगी निघाली, दोघींचं काम एकटी करते. शौनक म्हणतात, कित्येकांचं एकीवर आयुष्य निघतं. रोजची गोळी चुकवायची नाही, मालिशवाल्याकडून मान मोडून घ्यायची नाही, आणि मैदानात उतरायचं नाही. पहिल्या दोन्हींना मी लगेच हो म्हणालो. तिसऱ्याला दोन दिवस लागले. पण खरं सांगू का, मला त्याचं आता वाईट वाटत नाही. सकाळी चहा घशाखाली उतरला की माझा दिवस जिंकून होतो. असा समाधानी मी धडधाकट असतानाही नव्हतो, हे नीरजाला विचार.

एक प्रश्न मी शौनकना सरळ विचारला. तू कधी विचारणार नाहीस, पण तो तुझ्या डोक्यात असणार म्हणून. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या मित्राने मला मैदानातून उचलून रिक्षात घातलेलं, त्याने हे झालं का? त्यांनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही, म्हणून मला ते आवडतात. म्हणाले, "डोक्यावर पडलेल्याला उचलायचं नसतं. डोकं आहे तसं धरून ठेवायचं आणि अँब्युलन्सची वाट बघायची. हे तुमच्या मित्राला सांगा, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या कामी येईल. पण तुमचा मज्जारज्जू शाबूत राहिला, म्हणजे उचलण्याने तिथे काही बिघडलं नाही. आणि धमनी फाटली ती हाड मोडताना, जमिनीवर आपटलात तेव्हा. तडा तिच्याच भोकातून गेलाय, स्कॅनमध्ये दिसतंय." मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हटलं, आणि घोटा धरला होता त्याचं काय? ते म्हणाले, "तुम्ही कबड्डी खेळत होतात ना?" म्हटलं हो. "मग घोटा नाही धरणार तर काय हात मिळवणार?"

आता जे लिहायला बसलो ते. परवा मालन वहिनी येऊन गेल्या. तुला न सांगता आल्या, त्यांना ओरडू नकोस. अप्पांना नमस्कार केला, डबा ओट्यावर ठेवला, इकडचं-तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या की तू नाशिकच्या प्लांटला बदली मागितलीस आणि आंबिवलीच्या घराला भाडेकरू बघतोयस. जाताना चप्पल पायात सरकवून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? राग मानू नका. हे दवाखान्यात आलेले तेव्हा तुम्ही यांना बघून डोळे का मिटले?" तान्या, मला उभ्या जागी घाम फुटला. इतके महिने तू हे घेऊन फिरतोयस? तर ऐक. त्या दिवशी मी दाराकडे बघितलं तर तिथे दोन तान्या उभे होते, एक जरा वर, एक जरा खाली, दोघांच्या हातात तीच निळी पिशवी. मला इतका आनंद झाला. हाक मारायला गेलो, आवाज नाही. हात उचलला, तो तिसरीकडेच गेला. दोन्ही तान्या गरगरायला लागले, पोटात ढवळून आलं, म्हणून मी डोळे मिटले. म्हटलं, क्षणभर मिटतो, मग उघडले की एकच दिसेल. उघडले तेव्हा एकही नव्हता. नीरजाला खुणेने विचारलं, तिने बाहेर जाऊन बघितलं, तू गेलेलास. मला वाटलं, नळ्या बघून तुला सहन झालं नसेल. पोरकटपणा दोघांचाही झाला म्हण. नाशिकला तुला जायचंच असेल, पगार चांगला असेल, मालन वहिनींना हवा मानवणार असेल, तर जरूर जा, मी सामान बांधायला येईन, म्हणजे बसून सूचना देईन. पण माझ्या मिटलेल्या डोळ्यांपायी जाऊ नकोस. रविवारी वहिनींना घेऊन जेवायला ये. बेल वाजवलीस की दार मी उघडणार आहे, घरात तसं सांगून ठेवलंय. माझी चाल अजून हळू आहे रे, आतून दारापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढा या वेळी थांब.

तुझाच,
सल्या